तारकागुच्छांतील रूपविकारी तारे

शास्त्राच्या इतिहासांत शोध लागणें आणि तो ऐकला जाणें या दोन निराळ्या घटना आहेत. धनु राशींतील एम २५ या तारकागुच्छाची कथा या दृष्टीनें मोठी उद्बोधक आहे.

१७८४ सालीं इंग्लंडांत जॉन गुडरिक या बहिऱ्या तरुणास वृषपर्वा तारकासमूहांतील डेल्टा ताऱ्याचें तेज सुमारें ५.३७ दिवसांच्या फेऱ्यानें कमीजास्त होतांना आढळलें. हा तारा श्वासोच्छ्वास करणाऱ्या छातीप्रमाणें फुगतो व आकसतो, हें पुष्कळ पुढें उमगलें. अशा ताऱ्यांस सेफीड म्हणतात. १९१२ सालीं हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीनें लहान मॅगेलॅनी मेघांतील २५ तारे घेऊन दाखविलें कीं, आवर्तनकाल जितका दीर्घ, तितका तारा अधिक तेजस्वी. विश्व मोजण्याची पट्टी हातीं आली खरी. पण तिच्यावर आंकडे कोठें होते? एकाहि सेफीडाचें अंतर भरंवशानें ठाऊक नव्हतें. तरी त्याच पट्टीनें हबल यांनीं देवयानी तेजोमेघाचें अंतर मापलें, आणि १९५२ सालीं रोमच्या परिषदेंत बाडे यांनीं तें जवळजवळ दुप्पट करावें लागेल असें सांगितलें!

गुच्छांतील तारे एका वयाचे व आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. साध्या ताऱ्यांवरून गुच्छाचें अंतर काढलें, कीं त्यांतील सेफीडाचेंहि कळलेंच. सेफीड हे जड व अल्पायुषी. म्हणून ते तरुण गुच्छांतच शोधावयाचे. एम २५ चें वय १० कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे सूर्यापुढें तो बालकच. यू सॅजिटॅरी हा ६.७ दिवसांचा सेफीड या गुच्छापैकींच असावा, असें पीटर डॉइग या हौशी ज्योतिर्विदानें १९२५ सालींच लिहून ठेविलें होतें. पण काखेंत कळसा आणि गांवाला वळसा!

तत्कालीन पंडितांस सर्वस्वीं दोष देणें मात्र मला न्याय्य वाटत नाहीं. ताऱ्यांमधील धूळ प्रकाश गिळते, हें ट्रम्प्लर यांनीं १९३० सालीं दाखविलें. तत्पूर्वीं धुळीआडच्या एम २५ चें अंतर काढलें असतें, तर तें चुकलेंच असतें. त्यानंतरहि तें टिपण पंचवीस वर्षें तसेंच पडून राहिलें, हें मात्र खटकतें.

१९५५ सालीं दक्षिण आफ्रिकेंत वेध घेणाऱ्या जॉन अर्विन या अमेरिकन ज्योतिर्विदास यू सॅजिटॅरी, आणि एनजीसी ६०८७ या गुच्छांतील एस नॉर्मी, हे दोन्ही सेफीड नव्यानें सांपडले. १९५७ सालीं मायकेल फीस्ट यांनीं प्रिटोरियाच्या रॅडक्लिफ वेधशाळेंतून गुच्छांचे व सेफीडांचे दृष्टिरेषेंतील वेग ताडून पाहिले. ते जुळले, आणि पट्टीवर भरंवशाचे आंकडे पडूं लागले.