‘ताप’ नावाच्या रकान्यात हरवलेली महामारी

१० जून १९१८ रोजी मुंबईत पोलीस दलातील सात शिपाई तापाने आजारी होऊन रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एक गोदीत पहाऱ्यावर होता. तो हिवताप नव्हता. काही दिवसांतच शहरभर इन्फ्लुएन्झा पसरला. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरमध्ये उसळलेली दुसरी मात्र संहारक ठरली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली.

बंदरातून आलेला रोग लोहमार्गाने देशात शिरला. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत यांना सर्वाधिक तडाखा बसला. बंगालकडे जाताना मृत्युदर उतरत गेला. त्याच वर्षी पाऊस अपुरा पडल्याने धान्य महागले होते आणि अर्धपोटी माणसे आधी बळी पडली.

किती माणसे गेली? गावातील मृत्यूची नोंद पाटील किंवा चौकीदार करी आणि कारणाच्या रकान्यात बहुधा ‘ताप’ एवढेच लिहिले जाई. साथीत नोंद करणारेच अंथरुणाला खिळले. प्राथमिक सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी किंचित घटल्याचे दिसले, तेव्हा विनाशाची व्याप्ती कळली. आजचे अंदाज १.२ ते २ कोटींच्या दरम्यान आहेत.

मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू १९३३ मध्ये प्रथम वेगळा करण्यात आला आणि त्यानंतरच खरी पाळत शक्य झाली. १९५७ च्या मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून नवी साथ उतरली, तेव्हा कुन्नूरचे इन्फ्लुएन्झा केंद्र कार्यरत होते. फेब्रुवारी १९५८ पर्यंत देशात सुमारे ४४.५ लाख रुग्ण आणि १,०९८ मृत्यू नोंदले गेले. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा पहिला रुग्ण हैदराबादेत आढळला, तो मे महिन्यात. देशातील पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला.

२००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात आरोग्यसेविका, डॉक्टर आणि प्रयोगशाळा अशा तीन पातळ्यांवरून माहिती गोळा होऊ लागली. आरोग्यसेविकेच्या तक्त्यात केवळ ‘ताप’ लिहून भागत नाही. तो किती दिवसांचा, सोबत पुरळ वा रक्तस्राव आहे का, खोकला किती जुना, यांचे रकाने वेगळे असतात. १९१८ मध्ये एका शब्दात बुडालेली माणसे तिथे वेगळी दिसू लागतात. अट एकच: ती नोंद वेळेवर आणि प्रामाणिकपणे व्हायला हवी.