चारशेच्या वेगाची गाडी

१९९४ च्या मे महिन्यात आपल्या वेळणेश्वरात ताशी चारशे किलोमीटरनं पळणारी गाडी आली. मुंबईहून आली, एसटीच्या टपावर, चाकरमान्यांच्या बोजांत बांधलेली. आपल्या वर्गातल्या एकाच्या काकांनी ती आणली होती. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. १९९६ च्या दहावीच्या बॅचला ते सांगायची गरज नाही, आणि का लिहीत नाही ते लेख संपेपर्यंत बाकीच्यांनाही कळेल.

'शाळेच्या दिवसांतल्या एखाद्या गोष्टीचा इतिहास लिही,' असं संपादक मंडळानं मला सांगितलं. देवळाचा, शाळेच्या इमारतीचा, महाशिवरात्रीच्या जत्रेचा इतिहास माझ्यापेक्षा चांगला सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत, शिवाय आपले गुरुजन आहेत. मी वीसेक वर्षं सॉफ्टवेअरच्या नोकरीत काढली. तेव्हा ज्या एका यंत्राचं पोट मला उघडून दाखवता येतं, त्याचाच इतिहास लिहिते. आपण त्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो, त्यात खुपसायच्या खोक्याला 'कॅसेट', आणि त्यातल्या सर्वांत लाडक्या खेळाला नुसतं 'गाडीचा गेम'.

त्या खेळाचं खरं नाव 'रोड फायटर'. जपानच्या कोनामी कंपनीनं १९८४ साली तो नाणी टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला, आणि १९८५ मध्ये घरच्या टीव्हीवर आणला. रस्ता वरून खाली सरकतो, आपली गाडी खालच्या बाजूला, समोरून एकेक गाडी जवळ येत जाते. पिवळ्या गाड्या आपल्या वाटेनं जातात, काही मात्र मुद्दाम अंगावर येतात. धक्का बसला की आपली गाडी भेलकांडते. तेवढ्या क्षणात चाक उलटं फिरवून सावरली तर ठीक, नाहीतर रस्त्याच्या कडेला आदळून तिचा स्फोट. पेट्रोल सारखं संपत असतं आणि प्रत्येक स्फोटाला आणखी जातं. ते परत मिळवायचं तर एका रंगीबेरंगी गाडीला जाऊन शिवायचं. टप्पे चार.

आता आठवा, तो टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. रंगीबेरंगी गाडी ओळखणार कशी? इथं मी कामाला यायची. मुलींना रिमोट मिळत नसे. 'तू बघ गो नुसती' एवढंच वाट्याला यायचं. पडवीत मागं बसून बघता बघता मला त्या करड्या पडद्यावर पेट्रोलची गाडी तिच्या छटेवरून ओळखता यायला लागली. मी ओरडायची, 'ही पेट्रोलची!' आणि खेळणारा तिकडं वळायचा. सुट्टीभर त्या पडवीत माझी जागा पक्की झाली ती या नजरेमुळं. खेळायला मात्र मी एकदाही बसले नाही.

गाडीनं गाडीला भिडायचं, ही कल्पना कोनामीची नव्हे. अमेरिकेत एक्झिडी कंपनीनं १९७६ साली 'डेथ रेस' नावाचं यंत्र काढलं. त्यात माणसासारख्या दिसणाऱ्या आकृत्या गाडीखाली चिरडायच्या असत. त्यावर तिथल्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर मोठा गदारोळ झाला. व्हिडिओ गेममधल्या हिंसेवरचा तो पहिला मोठा वाद. 'हे बघून पोरं बिघडतील' हे वाक्य आपल्या पडवीत काकींच्या तोंडून आलं तेव्हा त्याला अठरा वर्षं होऊन गेली होती. १९८२ मध्ये जपानच्या डेटा ईस्ट कंपनीच्या खेळात गाडी उडी मारून दुसरीच्या टपावर पडायला लागली. १९८३ च्या अमेरिकन 'स्पाय हंटर'मध्ये गाडीला बंदुका आल्या, मागून तेल सांडून पाठलाग करणाऱ्याला घसरवता यायला लागलं. 'रोड फायटर' या घराण्यातलं त्यातल्या त्यात सोज्वळ पोर. नावात फायटर, हातात शस्त्र काही नाही, सगळी लढाई धक्क्याची आणि सावरण्याची.

ज्या यंत्रावर तो चालायचा, ते निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विकायला काढलं. नाव 'फॅमिली कॉम्प्युटर', लाडानं 'फॅमिकॉम'. मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली ते घडलं. त्याची कामाची स्मृती फक्त २ किलोबाइट. चित्रांसाठी आणखी २ किलोबाइट वेगळी. प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके देणारा. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये याच्या लाखो पट स्मृती असते.

या प्रोसेसरला गुणाकार आणि भागाकार येत नसत. त्याच्या आज्ञांमध्ये ती सोयच नव्हती. बेरीज, वजाबाकी आणि आकडे डावी-उजवीकडे सरकवणं, एवढ्यावर सारा संसार. दोन गाड्यांची धडक झाली की नाही, हेसुद्धा वजाबाकीनंच ठरवायचं : हिच्या जागेतून तिची जागा वजा करा, फरक गाडीच्या रुंदीपेक्षा कमी आला तर धडक. गणिताचे सर फळ्यावर संख्यारेषा काढून दोन बिंदूंमधलं अंतर काढायला लावायचे तेव्हा आपण 'याचा उपयोग काय' म्हणून कंटाळायचो. उपयोग त्याच संध्याकाळी पडवीत चालू असायचा.

आणखी एक गंमत. पडद्यावर हलणारी चित्रं ८ ठिपके रुंदीच्या तुकड्यांची. असे तुकडे एका वेळी जास्तीत जास्त ६४, आणि एका आडव्या ओळीत फक्त ८. नववा तुकडा आला की तो दिसतच नाही. म्हणून काही खेळांत गर्दी झाली की चित्रं लुकलुकायची : लिहिणारे एकाला एका क्षणी दाखवत, दुसऱ्याला पुढच्या क्षणी. एसटीत जागा नसली की आपण आळीपाळीनं बसायचो, तसं. आपल्याला वाटायचं अँटेना हलला, आणि कुणीतरी कौलांवर चढायचं.

सगळा 'रोड फायटर' मिळून २४ किलोबाइटचा. तुम्ही वाचताय हा लेख संगणकात साठवला तर साधारण तेवढीच जागा घेतो. तेवढ्यात रस्ते, गाड्या, पूल, समुद्र, आवाज, सगळं बसवलेलं. असे बहुतेक खेळ लिहिणाऱ्यांची नावं त्या काळी पडद्यावर येत नसत. आपल्या कॅसेटवर तर कंपनीचंही नाव नव्हतं. होता तो फक्त '९९९९ इन १' असा आकडा, आणि तोही खोटा. खरे खेळ मूठभर, तेच पुन्हा पुन्हा, कुठं दुसऱ्या टप्प्यापासून, कुठं जास्तीचे प्राण देऊन.

दहा वर्षं जुना खेळ १९९४ मध्ये आपल्याला ताजा म्हणून का मिळाला, याचं उत्तर याच २४ किलोबाइटमध्ये आहे. पुढच्या काळातले मोठे खेळ चालायला कॅसेटमध्ये जादा चिप लागत. १९८३ ते ८५ च्या सुमाराचे छोटे खेळ तशा चिपशिवाय चालत. नक्कल करणाऱ्याला ते एका कॅसेटमध्ये ठासून भरणं स्वस्त पडे. म्हणून रणगाड्यांचा 'बॅटल सिटी', मोटरसायकलचा 'एक्साइटबाइक' आणि 'रोड फायटर' हे तिघं जणू एकाच बसमधून जगभर गेले. यंत्राचंही तेच. फॅमिकॉमच्या चिपांची नक्कल तैवानमध्ये झाली आणि पुढं सगळं यंत्र एकाच चिपेत आलं. आपल्याकडं मीडिया, समुराई अशा नावांनी हे डबे घरोघर पोचले. पोलंडमध्ये त्याला 'पेगासस' म्हणत, रशियात 'डेंडी'. माझ्या एका पोलिश सहकाऱ्याला मी एकदा पेट्रोलची गाडी कशी ओळखायची ते सांगायला लागले, तर त्यानं माझं वाक्य मध्येच तोडून पूर्ण केलं.

अस्सल यंत्र आपल्या आवाक्यात नव्हतंच. १९९५ मध्ये सेगा कंपनीचं मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेसमार्फत भारतात आलं, कारण थेट आयातीवर ८० टक्के कर होता. तरीही किंमत १८,००० रुपये. त्याच मेगा ड्राइव्हवर १९९१ मध्ये 'रोड रॅश' निघाला होता, धावत्या मोटरसायकलवरून शेजारच्याला बुक्के आणि दांडके मारण्याचा. तो मला भेटला पुढं इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, संगणकावर, फुकटच्या सीडीत. १९८८ चा 'आर.सी. प्रो-ॲम', ज्यात खेळण्यातल्या गाड्या एकमेकींवर क्षेपणास्त्रं सोडतात, आणि १९९२ चा 'सुपर मारिओ कार्ट' हे दोन मला नोकरी लागल्यावर कळले. जग पुढं गेलं ते आपल्याकडं नेहमी दहा वर्षांनी, कुणाच्या तरी बोजात बांधून आलं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी वही परत द्यायला त्याच्या घरी गेले. तो सड्यावर क्रिकेट खेळायला गेला होता. काकी म्हणाल्या, 'बस गो, येईल आता,' आणि मागीलदारी गेल्या. टीव्ही गेम समोर होता. आजूबाजूला एकही मुलगा नव्हता. सहा महिने नुसती बघत होते. एकच डाव खेळू, असं मनात आलं. पण त्याचा अडॅप्टर कपाटात कुलूपबंद. घरातल्या टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर शेजारीच पडला होता, त्यावर ९ व्होल्ट लिहिलेलं, पिनही बरोब्बर बसली. मी बटण दाबलं. पडद्यावर मुंग्या तशाच. दहा सेकंदांत जळल्याचा वास आला. मी पिन काढली, सगळं होतं तसं ठेवलं, वही ओटीवर ठेवली आणि घरी पळाले.

झालं काय, ते मला तिसऱ्या वर्षाला असताना उलगडलं. फॅमिकॉमच्या वंशातल्या या डब्यांना पिनच्या आतल्या बाजूला ऋण आणि बाहेर धन लागतं. त्या टेपरेकॉर्डरच्या अडॅप्टरला बरोब्बर उलट होतं. व्होल्ट तेवढेच, पिन तीच, दिशा उलटी. विजेनं आतला माल भाजून काढला. चिपळूणच्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला तेव्हा आत पट्टीवर डांबरासारखा एक काळा ठिपका, बाकी फारसं काही नाही. साऱ्या यंत्राची चिप त्या ठिपक्याखाली. 'याला काय दुरुस्त करणार?' म्हणून त्यानं परत दिला.

आळ आला त्याच्यावर. 'रात्ररात्र खेळून जाळलंन' असं ठरलं. वडिलांनी मारलं. मुंबईच्या काकांनी पुढच्या मे महिन्यात काही आणलं नाही. वर्गात आपण सगळ्यांनी त्याला 'जाळ्या' म्हणून चिडवलं, दहावी होईपर्यंत. त्या 'सगळ्यांत' मीही होते. पहिल्यांदा गप्प राहिले ती घाबरून. नंतर गप्प राहिले, कारण गप्प राहणं सोपं झालं होतं.

पुढं मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. मुलाखतीत 'हे क्षेत्र का निवडलं' असं विचारलं की मी गणिताच्या आवडीबद्दल बोलायची. खरं कारण त्या वासात होतं. आपण नेमकं काय जाळलं, हे मला कळून घ्यायचं होतं. आज आपल्याच वेळणेश्वरात ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, २०१२ पासून. तिथं शिकणाऱ्या मुलींना यंत्राला हात लावायला घर रिकामं होण्याची वाट बघावी लागत नाही, याचं मला फार बरं वाटतं. माझी आई अजून गावात असते, सुट्टीला गेले की त्या रस्त्यानं जाताना मी गाडी थोडी हळू करते.

मित्रा, तुझा टीव्ही गेम मी जाळला. तुला बसलेला मार माझा होता, आणि ते नावसुद्धा. हे तुला फोनवर सांगता आलं असतं. पण चिडवलं होतं ते साऱ्या वर्गासमोर, म्हणून कबुलीही साऱ्या वर्गासमोर देते, आपल्या बाई आणि सर वाचतील अशा ठिकाणी.

स्नेहसंमेलनाला येताना एक जुना टीव्ही गेम आणते आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, कॅसेटसकट. अडॅप्टर मीटर लावून तपासला आहे : आत ऋण, बाहेर धन. पहिला डाव तुझा. आता टीव्ही रंगीत असेल, तरी पेट्रोलची गाडी कुठली ते मीच सांगणार. दुसरा डाव मात्र मला हवा आहे.