अंगठ्याचं काम

विहिरीत बादली सोडताना रहाट हातातून सुटला की काय होतं, हे आमच्या शिरूर कासारमध्ये कुणीही सांगेल. बादली पाण्याला टेकते, रहाट मात्र फिरतच राहतो. दोर ढिला पडतो आणि गुंता होतो.

बास माशासाठी वापरल्या जाणाऱ्या बेटकास्टिंग रीलचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे हाच गुंता टाळण्याची धडपड. काठीवर आडवं बसवलेलं छोटं रीळ, त्यावर दोरी, दोरीच्या टोकाला आमिष. फेकलं की आमिष रीळ फिरवत पुढं जातं. हवेच्या विरोधानं आमिषाचा वेग कमी होतो, पण रिळाला ते कळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीनं दातेरी चाकांचं रीळ बनवलं. मूठ एकदा फिरवली की रीळ अनेकदा फिरायचं. पुढं तिथल्याच मीक बंधूंनी पितळ आणि जर्मन सिल्व्हरची नाजूक रिळं घडवली. आमच्या गावाच्या नावातल्या कासारांना हे काम परकं वाटलं नसतं. या रिळांना ब्रेक मात्र एकच होता: फिरत्या दोरीवर टेकवलेला माणसाचा अंगठा. किती दाबायचं, हे शिकायला कित्येक महिने जायचे.

विसाव्या शतकात हे काम यंत्राकडं जाऊ लागलं. स्वीडनची आबू ही मुळात घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनवणारी कंपनी. 1950च्या दशकात तिचं अँबॅसडर रीळ आलं. त्यात वेग वाढला की छोटे ठोकळे बाहेर सरकून कडेला घासत. वेग दुप्पट झाला की बाहेर ढकलणारा जोर चौपट.

1980च्या दशकात जपानी कंपन्यांनी चुंबक आणलं. जुन्या वीजमीटरमध्ये फिरणारी अॅल्युमिनियमची चकती आठवते? तिच्यावरही चुंबकच लगाम ठेवायचं. चुंबकाजवळून धातू फिरला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते फिरण्यालाच विरोध करतात. स्पर्श नाही, म्हणून झीजही नाही.

या शतकाच्या सुरुवातीला शिमानोनं रिळात मायक्रोकॉम्प्युटर बसवला. त्याला बॅटरी नाही. रिळाच्या फिरण्यातूनच वीज तयार होते. दर मिलिसेकंदाला वेग मोजून चिप ब्रेक ठरवते.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळं ही पायरी मला सगळ्यात जवळची वाटायला हवी. पण मला त्यातली उणीव जास्त दिसते. चिपला रिळाचा वेग कळतो. समोरचं पाणी दिसत नाही. आमिष पाण्याला टेकतं त्या क्षणी अनेक अनुभवी गळवाले आजही अंगठा टेकवतात.

सिंदफणेच्या काठी फेकजाळं टाकणाऱ्याच्या मनगटातही असंच ज्ञान असतं. जाळं गोल कसं उघडायचं, ते त्याच्या हाताला माहीत असतं. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, त्याचं पेटंट नाही. स्नायडरच्या काळातल्या अंगठ्यांचंही नव्हतं. यंत्रानं अंगठ्याचं काम घेतलं, म्हणून निदान ते काम काय होतं याची नोंद तरी झाली. मनगटाचं काम मात्र पुढची पिढी शिकली तरच उरणार आहे.