उडी आणि दुखावलेला गुडघा

गुडघ्याच्या आंत मांडीचें हाड आणि नडगीचें हाड यांना धरून ठेवणारे दोन चिवट बंध असतात. ते एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांतला पुढचा बंध तुटला तरी माणूस सरळ चालूं शकतो, पण धांवतां धांवतां एकदम वळला कीं गुडघा दगा देतो.

१८९५ सालीं इंग्लंडांत लीड्स येथें मेयो रॉबसन या शस्त्रवैद्यानें एका ४१ वर्षांच्या खाणकामगाराचे हे बंध कॅटगटच्या टांक्यांनीं शिवले. तो गृहस्थ पुनः खाणींत कामाला जाऊं लागला. १९१७ सालीं ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज यांनीं मांडीवरील चिवट पटलाची पट्टी घेऊन नवा बंधच घडविला. पुढें वाटीखालच्या कंडरेचा तुकडाहि वापरूं लागले. प्रश्न मात्र एकच राहिला: दोरी टिकली कीं नाहीं?

१९७२ सालीं अमेरिकेंत, सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेद करूं नये असा कायदा झाला, आणि मुली मोठ्या संख्येनें मैदानांत उतरल्या. १९९५ सालीं आरेंट व डिक यांनीं महाविद्यालयीन खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. बास्केटबॉलमध्यें हा बंध तुटण्याचें प्रमाण मुलींत मुलांच्या सुमारें चौपट, फुटबॉलमध्यें दुपटीहून अधिक! पुष्कळदां कोणाचा धक्काहि लागलेला नसे. कोणीं कारण कटीच्या रुंदींत शोधलें, कोणीं रक्तांतील स्रावांत. पण कटीची रुंदी कांहीं बदलतां येत नाहीं. उडी मारून खालीं कसें यावें, हें शिकवितां येतें. म्हणून मला ह्यूएट व त्यांचे सहकारी यांचें २००५ सालचें काम अधिक मोलाचें वाटतें. त्यांनीं २०५ खेळाडू मुलींना पेटीवरून उतरून लगेच वर उडी घ्यावयास लावली. पुढें ज्या नऊजणींचा बंध तुटला, त्यांचे गुडघे आधींच इतरांपेक्षां सुमारें ८ अंश अधिक आंत झुकत होते.

मग शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचें काय? २००७ सालीं पॅटर्नो प्रभृतींनीं अशा १४ खेळाडू स्त्रियांना भार मोजणाऱ्या तबकड्यांवर उतरविलें. शस्त्रक्रियेला दोन वर्षें होऊन गेलीं होतीं. तरी उतरतांना त्या धड पायावर अधिक भार घेत, आणि उसळतांना दुरुस्त केलेल्या पायाचा जोर कमी पडे. खेळाडू स्वतःला बरी समजते, शस्त्रवैद्यहि समाधानी असतो. शरीर मात्र गुपचूप दुसऱ्या पायावर ओझें टाकीत असतें. हें ओझें निरुपद्रवी नाहीं. २०१० सालच्या त्यांच्या पाहणींत स्त्रीपुरुष मिळून ५६ खेळाडूंपैकीं १३ जणांचा बंध वर्षाच्या आंत पुन्हां तुटला: कोणाचा त्याच पायाचा, कोणाचा धड असलेल्या पायाचा.

तेव्हां नुसते महिने मोजून आतां भागत नाहीं. मैदानावर परत जाण्याची परवानगी देण्यापूर्वीं पुष्कळ ठिकाणीं तिला पेटीवर उभी करतात आणि म्हणतात, "हं, उतर पाहूं!"