त्वचेची साक्ष

झाशीच्या लक्ष्मी तालाकाठी गंगाधरराव नेवाळकरांची छत्री आहे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते निवर्तले. त्या काळी राजा असो वा रंक, पोटातील व्याधीचा ठाव घेण्यास वैद्यापाशी नाडी, जिव्हा, त्वचा आणि स्वतःचा हात यांपलीकडे फारसे साधन नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ साली. कातडीचा पालटलेला वर्ण आतल्या कर्करोगाची वर्दी देत असावा, असे व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्राने १८६८ मध्ये सुचविले, तेही याच अंधारात चाचपडत असताना.

१८९० मध्ये पोलिट्झर आणि यानोव्स्की यांनी मान, काख व जांघ येथील त्वचा काळी, जाड आणि मखमलीसारखी झालेल्या रोग्यांची वर्णने प्रसिद्ध केली. अशा काहींच्या जठरात कर्करोग असतो, हे पुढे ध्यानात आले. मात्र हीच खूण बहुधा स्थूलता व मधुमेह यांच्या सोबतीने दिसते. तेव्हा मान काळवंडली म्हणून कोणी हाय खाऊ नये. उतारवयात, वजन घटत असता, ती झपाट्याने पसरू लागली तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या एका खुणेचा इतिहास तर गमतीचा आहे. अंगावर एकाएकी चामखिळीसारखे असंख्य तपकिरी उंचवटे उठले, तर त्या लक्षणास लेसर व त्रेला या शल्यवैद्यांचे नाव देतात. त्या दोघांनी पाहिले होते ते बहुधा निराळेच, रक्तवर्णी तीळ! उंचवट्यांचा संबंध १९०० मध्ये होलांडरने जोडला. पण नाव राहिले ते त्या दोघांचेच. वृद्धांत असे उंचवटे आणि कर्करोग दोन्ही वारंवार आढळत असल्याने या संबंधाविषयीच काही तज्ज्ञ आजही साशंक आहेत.

याउलट अमेरिकेतील रॉचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयातील सिस्टर मेरी जोसेफ. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याचे पोट स्वच्छ करताना काहींच्या बेंबीत कठीण गाठ हातास लागते आणि अशांच्या पोटात कर्करोग पसरलेला निघतो, हे या परिचारिकेने हेरले. तिने ते विल्यम मेयो यांच्या निदर्शनास आणले. लेख मात्र १९२८ मध्ये मेयोंनी लिहिला. त्या गाठीस तिचे नाव हॅमिल्टन बेली या इंग्रज शल्यवैद्याने १९४९ मध्ये दिले. सिस्टर १९३९ मध्येच वारली होती.