घरगुती म्हणवणाऱ्या केकचा पूर्वेतिहास

सालीवर काळे डाग पडेपर्यंत पिकलेली केळी कुस्करून, त्यांत मैदा, साखर, अंडी व खाण्याचा सोडा मिसळून, वर कोको किंवा चॉकलेटचे तुकडे आणि शेंगदाण्याचे लोणी, म्हणजेच पीनट बटर, घालून भाजलेला केक अमेरिकेत अस्सल घरगुती पदार्थ समजला जातो. आजीच्या वहीतली कृती म्हणून तो पुढच्या पिढीला सांगितला जातो आणि दुकानातल्या सजवलेल्या केकपेक्षा साधा व काटकसरीचा म्हणून त्याचे कौतुक होते. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर कारखाना, आगबोट आणि जाहिरात या तिन्हींवर इतका विसंबून असलेला दुसरा घरगुती पदार्थ शोधूनच काढावा लागेल. 1850 साली बॉस्टनमधल्या एखाद्या सधन गृहिणीलाही तो करता आला नसता, कारण केळे तिच्या दृष्टीस क्वचितच पडत असे, पीनट बटर बाजारात यायला अजून चार दशके होती आणि चॉकलेट हे प्रामुख्याने पिण्याचे द्रव्य होते. सोडा तेवढा तिच्या हाताशी नुकताच आलेला होता आणि या केकचा इतिहास त्या पांढऱ्या भुकटीपासूनच सुरू करावा लागतो.

केक फुगतो तो पिठात कोंडलेल्या वायूमुळे. हा वायू निर्माण करण्याचे किंवा हवा कोंडण्याचे जुने मार्ग दोन होते : एक खमीर, ज्यातील सूक्ष्म जीव साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि दुसरा तासभर हात दुखेपर्यंत फेटलेल्या अंड्यांचा फेस. केळ्याचा गर जड आणि पाणीदार असल्यामुळे अंड्यांचा फेस त्याच्या वजनाखाली बसतो, तर खमिराला वेळ लागतो आणि त्याने बनतो तो पाव, केक नव्हे. तिसरा मार्ग अमेरिकेत जंगलतोडीतून पुढे आला. वसाहतवाल्यांनी शेतीसाठी झाडे तोडून जाळली, ती राख पाण्यात भिजवून, वरचे पाणी निथळून आटवले की पोटॅश नावाचा क्षार मिळे आणि तो भट्टीत भाजून शुद्ध केला की पर्लॲश, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, तयार होई. मराठी स्वयंपाकघरातल्या पापडखाराच्या जवळचाच हा पदार्थ. काच आणि साबणाच्या धंद्याला त्याची इतकी गरज होती की अमेरिकेच्या नव्या सरकारने दिलेले पहिलेच पेटंट, 31 जुलै 1790 रोजी सॅम्युएल हॉपकिन्स यांना मिळालेले, पोटॅश व पर्लॲश बनवण्याच्या पद्धतीचे होते. सहा वर्षांनी, 1796 मध्ये, अमीलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक हार्टफर्ड येथे छापले गेले आणि त्यातील आल्याच्या केकच्या कृतींत हाच क्षार पीठ फुगवण्यासाठी सांगितलेला दिसतो. आंबट दूध किंवा उसाची काकवी यांच्याशी त्याची गाठ पडली की वायू सुटत असे. मात्र लोण्याशी संयोग होऊन साबणाची चव येण्याचा धोकाही असे.

ही अडचण सोडियम बायकार्बोनेटने, म्हणजे आजच्या खाण्याच्या सोड्याने, बरीचशी दूर केली. 1846 मध्ये ऑस्टिन चर्च आणि जॉन ड्वाइट यांनी न्यू यॉर्कमध्ये तो पुड्यांत भरून विकायला सुरुवात केली. सोड्याला आम्ल लागते. ते ताकातून मिळे किंवा दारूच्या पिंपांच्या आतल्या बाजूस जमणाऱ्या पापुद्र्यापासून बनवलेल्या क्रीम ऑफ टार्टरमधून, आणि ते युरोपातून आयात करावे लागे. हार्वर्डमधील रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी 1856 मध्ये हाडांपासून काढलेल्या कॅल्शियम फॉस्फेटच्या आम्लधर्मी क्षाराचे पेटंट घेतले, त्यातून सोडा व आम्ल एकत्र असलेली बेकिंग पावडर बाजारात आली आणि पाहुणे दारात असताना केक भट्टीत घालणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी 1843 मध्येच अशी पावडर तयार केली होती, परंतु रोजच्या जेवणात तिचा वापर ज्या उत्साहाने अमेरिकेने केला त्याला तोड नाही. खमिराशिवाय होणाऱ्या या पावांना तिकडे ‘क्विक ब्रेड’ हे नाव पडले आणि पावाच्या लांबट साच्यात भाजला जाणारा ‘बनाना ब्रेड’ हा नावाने पाव असला तरी घडणीने केकच आहे.

केळ्याचे आगमन याहून नाट्यमय होते. 1870 साली लोरेंझो डाउ बेकर या मॅसॅच्युसेट्सच्या जहाजमालकाने जमैकात केळ्यांचे 160 घड विकत घेतले आणि अकरा दिवसांच्या सफरीनंतर न्यू यॉर्कजवळच्या जर्सी सिटीत ते उतरवून भरघोस नफा कमावला. त्या काळी शिडाच्या जहाजाने वारा पडला की माल वाटेतच सडे, त्यामुळे केळे हे बंदरांतल्या श्रीमंतांचे नवलाचे फळ होते. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ते चांदीच्या कागदासारख्या पत्र्यात गुंडाळून दहा सेंटला एक याप्रमाणे विकले गेले. बेकर, त्यांचे भागीदार अँड्र्यू प्रेस्टन आणि कोस्टा रिकात रेल्वे बांधता बांधता रुळांच्या कडेने केळीच्या बागा लावणारे मायनर कीथ यांच्या धंद्यांच्या विलीनीकरणातून 1899 मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. आगबोटी, शीतकरण केलेले मालखाने, बर्फ भरलेले रेल्वेचे डबे आणि शहराशहरांतली पिकवण्याची गुदामे अशी अखंड साखळी तिने बांधली. तिची जहाजे उन्हाची धग परतवण्यासाठी पांढरी रंगवलेली असत. परिणामी उष्ण कटिबंधातले हे फळ, जे अमेरिकेच्या मुख्य भूमीत कुठेही व्यापारी प्रमाणावर पिकत नव्हते, तिथल्याच मातीतल्या सफरचंदाहूनही स्वस्त मिळू लागले.

या स्वस्ताईची किंमत दुसरीकडे चुकवली जात होती. मध्य अमेरिकेतील सरकारे कंपनीच्या खिशात असल्यासारखी वागू लागली आणि ओ. हेन्री या कथाकाराने 1904 मध्ये अशा देशांसाठी ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्दप्रयोग रूढ केला. डिसेंबर 1928 मध्ये कोलंबियातील सिएनागा येथे युनायटेड फ्रूटच्या संपावर गेलेल्या मजुरांवर सैन्याने गोळीबार केला. मृतांच्या संख्येबद्दल आजही एकमत नाही. 1954 मध्ये ग्वातेमालातील निर्वाचित सरकार अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेच्या मदतीने उलथवले गेले, त्यामागे इतर कारणांबरोबर कंपनीच्या पडीक जमिनींचे अधिग्रहण हेही होते. पाककृतींच्या पुस्तकांत यातले काहीच येत नाही आणि येण्याची अपेक्षाही कोणी करू नये, पण चार केळी कुस्करताना ती इतकी स्वस्त का, या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

केळ्याचा एक गुण व्यापाऱ्याला जितका सोयीचा तितकाच अडचणीचा होता : हिरवे तोडलेले फळ प्रवासात टिकते, पण एकदा इथिलीन वायूच्या प्रभावाने पिकू लागले की त्यातील पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर होते, गर मऊ पडतो आणि दोन-तीन दिवसांत साल काळवंडते. घरात आणलेल्या फण्यातली शेवटची दोन केळी अशी मागे उरणे हे जगात कुठल्याच घरात टळत नाही. मराठी घरात त्यांचे शिकरण होते, अमेरिकी घरात 1930 नंतर त्यांचा केक होऊ लागला. हा काळ महामंदीचा होता, अन्न फेकणे पाप वाटावे असा. आणि त्याच सुमारास मैद्याच्या गिरण्या, सोड्याच्या कंपन्या व फळांचे व्यापारी आपापला माल खपवण्यासाठी फुकट किंवा नाममात्र किमतीत कृतीपुस्तिका वाटत होते. पिल्सबरी या मैद्याच्या कंपनीने 1933 मध्ये काढलेल्या ‘बॅलन्स्ड रेसिपीज’मध्ये बनाना ब्रेडची कृती आहे. काटकसर गृहिणीची होती, हे खरे, पण ती कशी करावी हे तिला विक्रेत्यानेच छापून दिले, हेही तितकेच खरे. याच कंपन्यांच्या चढाओढीमुळे केळ्यावरचे तपकिरी ठिपके हे सडण्याचे नव्हे तर गोडीचे लक्षण आहे, ही समजूत लोकांत रुजली. 1944 मध्ये युनायटेड फ्रूटने रेडिओवर सुरू केलेल्या ‘चिकिता’च्या जाहिरातगीताचा आशय हाच होता, शिवाय केळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत, अशी ताकीदही त्यात होती.

चॉकलेटचा भाग थोडक्यात आटोपता येतो. 1828 मध्ये नेदरलँड्समधील व्हान हाउटेन यांनी कोकोच्या दाण्यांतून चरबी दाबून काढण्याची कळ शोधली आणि उरलेल्या पेंडीची कोको पावडर झाली, जी दुधात आणि मैद्यातही मिसळते. पुढे त्यांनी क्षार लावून तिचा आंबटपणा घालवला; म्हणूनच सोड्यावर विसंबलेल्या कृतीत साधी आणि क्षार लावलेली कोको पावडर बेधडक अदलाबदल करता येत नाही, कारण दुसरीत सोड्याला जागे करण्याइतके आम्लच उरत नाही. मॅसॅच्युसेट्समधील डॉर्चेस्टर येथे 1765 पासून चॉकलेट दळले जात होते, पण केकच्या मिश्रणात ते सर्रास पडू लागले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तुकड्यांच्या रूपाने पिठात मिसळण्याची टूम त्याच राज्यातील व्हिटमन येथे टोल हाउस नावाची खानावळ चालवणाऱ्या रूथ वेकफील्ड यांच्या बिस्किटांमुळे 1930 च्या दशकाच्या अखेरीस पसरली.

शेंगदाण्याकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. युरोपी जहाजांनी तो आफ्रिका व आशियात नेला आणि उत्तर अमेरिकेत तो गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या सोबतीने रुजला, त्यामुळे बराच काळ तिथे तो गरिबांचे आणि डुकरांचे खाद्य मानला जाई. माँट्रिअलच्या मार्सेलस गिलमोर एडसन यांनी 1884 मध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांच्या लगद्याचे पेटंट घेतले. पुढच्या दशकात मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे प्रमुख डॉ. जॉन हार्वी केलॉग, जे मांसाहाराचे कट्टर विरोधक होते, दात नसलेल्या व अशक्त रुग्णांना प्रथिने मिळावीत म्हणून असा लगदा देऊ लागले. ते शेंगदाणे भाजण्याऐवजी उकडून वाटत, हे त्याच्या चवीविषयी बरेच काही सांगते. शेंगदाण्याच्या प्रसाराचे श्रेय लोकसमजुतीत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना जाते, पण पीनट बटर त्यांनी शोधलेले नाही. त्यांचे खरे काम वेगळे आणि अधिक मोलाचे आहे : कापसाच्या बोंडात शिरून पीक बुडवणारा भुंगा 1892 मध्ये टेक्सासमध्ये शिरला आणि दक्षिणेकडील राज्ये हवालदिल झाली, तेव्हा अलाबामातील टस्कीगी येथे कार्व्हर यांनी भुईमूग लावण्याचा आग्रह धरला आणि 1916 मध्ये त्याच्या 105 पाककृतींची पत्रिका काढली. त्याच राज्यातील एंटरप्राइज या गावाने 1919 मध्ये त्या भुंग्याचेच स्मारक उभारले, कारण त्याच्यामुळे गावकरी भुईमुगाकडे वळून सधन झाले.

जुन्या पीनट बटरमध्ये एक मोठा दोष होता : डब्यात तेल वर तरंगे आणि तळाशी दगडासारखा थर बसे, शिवाय तेल लवकर खवट होई. कॅलिफोर्नियातील जोसेफ रोझफील्ड यांनी 1920 च्या दशकाच्या आरंभी अंशतः हायड्रोजनीकरण केलेले, म्हणजे डालडा ज्या प्रक्रियेने बनतो त्या प्रक्रियेने घट्ट केलेले, तेल त्यात मिसळून हा प्रश्न सोडवला. भाकरीवर फासणाऱ्यापेक्षा केक करणाऱ्याला याचा फायदा जास्त झाला, कारण वाटीभर पीनट बटरमध्ये तेल किती आणि गर किती हे आता दर वेळी सारखेच राहू लागले आणि मोजमापाची कृती लिहिता येऊ लागली. किती शेंगदाणे घातले म्हणजे त्याला पीनट बटर म्हणावे, यावर सरकार व उत्पादक यांच्यात 1959 पासून वर्षानुवर्षे सुनावण्या चालल्या आणि अखेर किमान 90 टक्के हे प्रमाण ठरले. चॉकलेट व शेंगदाणा यांची जोडी मात्र मिठाईवाल्यांनी आधीच जमवली होती. पेन्सिल्व्हेनियात हर्शीच्या दुग्धशाळेत पूर्वी नोकरी केलेल्या एच. बी. रीस यांनी 1928 मध्ये विकायला काढलेल्या चॉकलेटच्या वाट्या तिचे सर्वांत यशस्वी उदाहरण आहे. केळ्याच्या केकमध्ये ती दोन्ही एकदम आली ती पुढे, आणि तिचा कोणी एक जनक दाखवता येत नाही.

महामंदीतल्या त्या कृतींतले केळे आज बाजारात मिळत नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. ते ‘ग्रो मिशेल’ जातीचे होते, जाड सालीचे आणि घडानिशी जहाजात रचता येणारे. पनामा रोग नावाच्या बुरशीने त्याच्या बागा एकामागून एक मारल्या आणि 1960 च्या दशकात कंपन्यांना ते सोडून ‘कॅव्हेंडिश’ गटाकडे वळावे लागले. ही जात डर्बीशरमधील चॅट्सवर्थ येथे ड्यूकच्या काचगृहात जोझेफ पॅक्स्टन यांनी 1830 च्या दशकात वाढवली होती आणि तिला ड्यूकच्या घराण्याचे नाव मिळाले. तिची साल पातळ, फळ नाजूक. म्हणून घडांऐवजी पुठ्ठ्याचे खोके आले. महाराष्ट्राशी या केकचा खरा संबंध इथे येतो, कारण खानदेशात रावेर-यावलच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या लावली गेलेली बसराई ही याच गटातली बुटकी जात आहे आणि तिची जागा पुढे मोठ्या प्रमाणावर घेणारे, ऊतिसंवर्धनाने वाढवलेले ‘ग्रँड नैन’ हेही कॅव्हेंडिशच. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मराठी घरांत भट्टी नव्हती, तेव्हा केक भाजला गेला तो शिटी व रबरी रिंग काढलेल्या प्रेशर कुकरमध्ये, तळाशी मीठ किंवा वाळू पसरून. आणि त्यात पीनट बटरऐवजी शेंगदाण्याचे कूट घातले गेले की केक रवाळ होऊन कापताना भुगा पडतो, कारण कुटात तेल दाण्यातच राहते, पिठाला बांधायला मोकळे होत नाही.