रात्रीची दृष्टी आणि तिचा पल्ला

कॅनॉट प्लेसच्या दक्षिणेस, संसद मार्गाच्या कडेला असलेली जंतरमंतरची वेधशाळा दिल्लीतील मराठी नोकरमाणसांच्या नित्याच्या वाटेवरची आहे. सवाई जयसिंहाने ती १७२४ साली उभारली. तेथील सम्राटयंत्र सुमारे सत्तर फूट उंच आहे. यंत्र जितके मोठे, तितके त्यावरील अंश-कलांचे विभाग सूक्ष्म पाडता येतात आणि वेध अधिक अचूक होतो, हा त्यामागील विचार. तो विचार बरोबरच होता. परंतु त्याने एक गोष्ट साधत नव्हती. या प्रचंड यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या ज्योतिष्याला आकाशात तेवढेच तारे दिसत, जेवढे माळावरच्या गुराख्याला दिसत. ज्या ताऱ्याचा प्रकाश डोळ्यास पुरत नाही, तो दगडचुन्याच्या भव्यतेने दिसू लागत नाही. जयसिंहास दुर्बीण अपरिचित नव्हती. 'झीज-इ-मुहम्मदशाही' या त्याच्या ग्रंथात तिचा उल्लेख आहे. तथापि त्याची भिस्त राहिली ती दगडी यंत्रांवरच.

रात्री दूरचे कसे दिसावे, हा प्रश्न केवळ ज्योतिष्यांचा नाही. तो किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याचा होता आणि आज बंदुकीवर रात्रीची दुर्बीण चढवून सीमेवर जागणाऱ्या जवानाचा आहे.

आमच्या इतिहासात अंधार हा बहुधा दुबळ्या पक्षाचा मित्र राहिला आहे. शिवछत्रपतींनी पुण्याच्या लाल महालात शायिस्तेखानावर छापा घातला तो ५ एप्रिल १६६३ च्या रात्री. तिथी चैत्र शुद्ध अष्टमीची. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि पुढचे प्रहर काळोखाचे असतात. मूठभर माणसांनी अफाट छावणीत शिरावयाचे, तर असा काळोख हेच त्यांचे चिलखत. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला, तोही रात्रीच. खानाच्या छावणीत तोफा, हत्ती, खजिना यांची वाण नव्हती; पण अंधारात पाहणारा डोळा तिच्यापाशी नव्हता. मशालींचा उजेड थोड्याच अंतरापर्यंत पोचतो, आणि मशाल धरणारा मात्र दुरूनही दिसतो. गनिमी काव्याचे निम्मे बळ या एका गोष्टीत होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता डोळ्याची मर्यादा पाहू. अंधारात डोळ्याची बाहुली फार तर सात-आठ मिलिमीटर रुंदावते. वय वाढले की तेवढीही नाही. अंधाराला डोळा पुरता सरावण्यास अर्धा तास लागतो. दुर्बिणीचे पुढचे भिंग पन्नास मिलिमीटर व्यासाचे असेल, तर ते बाहुलीच्या सुमारे पन्नासपट प्रकाश गोळा करते. हा प्रकाश डोळ्यात पुरता उतरावा, तर दुर्बिणीतून बाहेर पडणारा झोत बाहुलीएवढाच रुंद हवा. पन्नासला सातने भागले की तो येतो. म्हणूनच सातपट मोठे दाखविणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची दुर्बीण नौदलांनी रात्रीच्या टेहळणीसाठी पसंत केली. 'सातपटीऐवजी वीसपट करा, म्हणजे दूरचे दिसेल' हा सामान्य समज येथे फसतो. भिंग तेच ठेवून आकार वाढविला की झोत बारीक होतो आणि चित्र काळवंडते. दिवसा पल्ला वाढतो तो मोठे दाखविल्याने. रात्री तो वाढतो प्रकाश अधिक गोळा केल्याने.

भिंगाने जे साधत नाही ते विजेने साधण्याचा यत्न या पुढचा. १९३४ च्या सुमारास हॉलंडातील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत गिलेस होल्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नळी बनविली. डोळ्यास न दिसणारे अवरक्त किरण तिच्या पहिल्या पडद्यावर पडले की त्यातून इलेक्ट्रॉन सुटत. विजेच्या दाबाने ते वेगाने दुसऱ्या पडद्यावर आदळत आणि तेथे दृश्य चित्र उमटे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी व अमेरिकनांनी अशा नळ्या बंदुकांवर बसविल्या. शिपायाच्या अंगावर जड बॅटरीचे ओझे, बंदुकीवर अवरक्त दिवा, आणि पल्ला जेमतेम शंभर यार्डांचा! शिवाय मशालीचा जुना दोष कायमच होता : शत्रूपाशी तसेच यंत्र असले, तर दिवा लावणारा प्रथम त्यालाच दिसे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकनांनी व्हिएतनाममध्ये दिव्यावाचून केवळ ताऱ्यांच्या उजेडावर चालणारी दुर्बीण नेली, तेव्हा हा दोष गेला. पौर्णिमेच्या चांदण्याचा सुमारे शंभरावा भाग एवढाच तो उजेड. नळी त्याला हजारो पटींनी वाढविते.

हे साधन नसले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आमच्याच देशाच्या इतिहासात आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला ठाण्यावर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. ठाण्यात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली तेविसाव्या पंजाब पलटणीचे सुमारे एकशेवीस जवान होते. जैसलमेरच्या तळावर हंटर विमाने उभी होती. परंतु रात्री मारा करण्याची साधने त्यांत नव्हती. पौर्णिमा उलटून दोनच दिवस झाले होते, आकाशात चांदणे होते. तरी ते वैमानिकाच्या डोळ्यास पुरेसे नव्हते. त्या जवानांनी रात्रभर ठाणे लढविले. उजाडताच विमाने आली आणि लढाईचे पारडे फिरले. म्हणजे त्या रात्रीची किंमत माणसांनी अंधारात तासातासाने मोजली. १९९९ साली कारगिलच्या उघड्या चढांवर दिवसा जाणे म्हणजे मृत्यूच, म्हणून तोलोलिंग, टायगर हिल येथील चढाया बहुतांशी रात्रीच कराव्या लागल्या.

ही नळी स्वदेशी घडावी, या खटपटीत आमच्या मुलुखाचा वाटा आहे. दिल्लीत मुख्यालय असलेली संरक्षण संशोधन आणि विकास संघटना १९५८ साली स्थापन झाली. प्रकाशीय उपकरणांवर काम करणारी तिची डेहराडूनची प्रयोगशाळा १९६० ची. आणि १९९० साली पुण्यास, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, या प्रकाशवर्धक नळ्या बनविणारा कारखाना निघाला, तो भारत इलेक्ट्रॉनिक्स व हॉलंडची डेल्फ्ट कंपनी यांच्या भागीदारीत. पुढे तो पूर्णतः भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे आला. योगायोग असा की, १६०८ साली दुर्बिणीचे पेटंट प्रथम मागितले गेले तेही हॉलंडात, हान्स लिपरहे या चष्मेवाल्याकडून. ज्या पुण्यात एके काळी अंधाराचा आडोसा घेऊन मराठे शत्रूच्या गोटात शिरले, त्याच पुण्याच्या उपनगरात आता अंधार भेदणारा डोळा घडतो.

आज या दुर्बिणीचा पल्ला वाढवावयाचा, तर उपाय थोडे व ठरलेले आहेत. पुढचे भिंग मोठे घ्यावे. नळीचा पहिला पडदा अधिक संवेदनशील असावा. आणि मोठे दाखविण्याचा हव्यास आवरावा, कारण नळीतील बारीक रव्यांची खळबळही चित्रासोबत मोठी होते. पण भिंग वाढले की वजन वाढते, आणि ते वजन चढावर वाहणार तो जवान. प्रकाशाऐवजी उष्णता टिपणारी यंत्रेही आता आहेत. त्यांना चांदणेही लागत नाही, मात्र किंमत व बॅटरी लागते.

अशा खरेदीचे कागद दिल्लीच्या कचेऱ्यांतूनच जातात. टिपणात पल्ल्याचा आकडा मीटरांत लिहिलेला असतो आणि वाचणाऱ्यास तो इतर आकड्यांसारखाच वाटतो. परंतु काळोख्या रात्री तो आकडा म्हणजे शत्रूला आपण आधी पाहतो की तो आपल्याला, एवढ्याचेच अंतर असते. त्या टिपणावर सही करताना लोंगेवालाच्या ठाण्यातील रात्र आठवावी, एवढेच आमचे आपल्या मराठी बांधवांस सांगणे आहे.